तीओ म्हणजे नक्की कोण

मंगळवार, ३ जून २०२५

सोनियाचं म्हणणं, रोज पाच ओळी स्पॅनिशमध्ये लिहायच्या, म्हणजे भाषा अंगात मुरते. मला अजून पाच शब्द धड येत नाहीत, ओळी कुठून आणू? म्हणून मराठीत लिहितोय. तिला दाखवायचं नाही.

सोनिया माझी शिकवणीची बाई. बाई कसली, आमच्या विनीतपेक्षा लहान पोरगी. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात आईवडिलांजवळ राहते, रात्रपाळीला मेक्सिकोच्या गिऱ्हाइकांचे फोन घेते आणि दुपारी झोप झाली की शिकवते. बाकीची पोरं नोकरीसाठी येतात. मला तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "अंकल, आपको किसलिए?" मी म्हटलं, "नातीशी भांडायला."

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. विनीत, माझा मुलगा, चिलीत खाणीच्या कंपनीत कन्व्हेयर बेल्टचा इंजिनियर आहे. तिथलीच बायको केली, कारोलिना. त्यांची मुलगी इसिदोरा, सहा वर्षांची. माझ्या बायकोच्या, अंजनीच्या, तोंडात ते नाव बसेना, म्हणून आमच्या घरात ती इंदू. दर रविवारी आमच्या रात्रीच्या जेवणाआधी विनीत व्हिडिओ कॉल लावतो, तेव्हा तिकडे सकाळ असते. इंदू बोलते स्पॅनिश. विनीत मधे उभा राहून त्याचं मराठी करतो आणि करताना निम्मं गिळतो. ती पोर हातवारे करून, डोळे फिरवून काय काय सांगते, आणि हा म्हणतो, "शाळा छान चाललीय म्हणतेय." बस्स.

अजून दोन-तीन वर्षं ती फोनपाशी येईल. मग तिला आमचा कंटाळा येणार. त्याआधी मधल्या माणसाशिवाय तिच्याशी बोलता आलं पाहिजे, नाहीतर नात हातची गेली म्हणून समजायचं. एमआयडीसीत मेन्टेनन्सला आयुष्य काढलं, जर्मन मशीनची पुस्तकं चित्रं बघून लावली. हेही लावू.

शुक्रवार, ६ जून

आज नाती घेतली. आबुएलो म्हणजे आजोबा, आबुएला आजी, इहो मुलगा, निएता नात, नुएरा सून. पुरुष असला की बहुतेक शेवटी ओ. मी म्हटलं, हे तर तुमच्या सिंधीसारखंच झालं, चाचो, मामो, नानो. सोनिया खूश. आतून तिच्या आईनं भाजलेला पापड पाठवला. त्या घरात पाण्याबरोबर पापड येतोच, नको म्हणून सोय नाही.

तीओवर मात्र आमचं वाजलं. तीओ म्हणजे काका. मामाही तीओ. मावशीचा नवरा तीओ, आत्याचाही तीओ. "अंकल, सिम्पल है ना! एकच शब्द, टेन्शनच नाय." अगं, काका आणि मामा एक कसे होतील? काका घरातला, मामा आईच्या माहेरचा. लग्नात मामा नवरीच्या पाठीशी उभा राहतो आणि काका पंगतीत ओरडत फिरतो. दोघांची कामं वेगळी, मान वेगळा, रुसायची पद्धतसुद्धा वेगळी. आमच्या पालेगावात शेतांवर टॉवर उठले तरी अर्धं गाव अजून एकमेकांच्या नात्यात आहे. तिथे मामाला काका म्हणून बघावं कुणी.

एक मात्र मानलं. व्याह्याला त्यांच्यात खास शब्द आहे, कोन्सुएग्रो. साडूलाही आहे, कोन्कुन्यादो. इंग्रजीला हे जमलेलं नाही. साडूची दखल घेणारी भाषा अगदीच वाया गेलेली नसणार.

रविवार, ८ जून

पुतण्या रूपेश खालच्या मजल्यावर राहतो, तो कॉलच्या वेळी वर आला. अंजनीनं त्याला फोनसमोर ढकललं. "इंदू, हा तुझा काका. म्हण, का-का." इंदूनं डोळे विस्फारले आणि हसत हसत सोफ्यावरून खाली घरंगळली. मग "काका! काका!" ओरडत आईकडे पळाली. रूपेश एकदम खूश, पुतणीला आपण आवडलो म्हणून. विनीतनं अर्थ काही सांगितला नाही, नुसता हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

मंगळवार, १० जून

सोनियाकडून कळलं. काका म्हणजे त्यांच्यात लहान मुलांची शी. रूपेशला सांगितलेलं नाही. तो ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलाय.

रविवार, १५ जून

आज बापांचा दिवस. इंदूनं शाळेत केलेली कार्डं दाखवली, दोन. एकावर पापा, दुसऱ्यावर तीओ रोद्री. तीओ! शब्द ऐकताक्षणी कळला, कुणी सांगावा लागला नाही. अंजनीला कोपरानं ढोसलं. बापाबरोबर काका-मामालाही कार्ड देतात, ही पद्धत चांगली आहे. आपल्याकडे मामाकडून नुसतं घ्यायचंच माहीत.

फोन ठेवल्यावर अंजनी म्हणाली, "विनीत वाळलाय. आणि तो बसत का नाय हो? आपल्याच घरात पाव्हन्यासारखा उभा. अंगात जाकीट, पायात बूट."

मी म्हटलं, "तिकडे जूनमध्ये थंडी असते."

"कारोलिना तर पातळ झग्यात होती."

बायकांना कपडेच दिसतात.

रविवार, २२ जून

तीओ रोद्री आजही आला. म्हणजे बोलण्यात आला. इंदूच्या वाक्यात मी आता ओळखीचे शब्द टिपतो, गर्दीत गावची माणसं शोधावी तसे. तीओ रोद्री शाळेत सोडतो. तीओ रोद्री अंडी करतो. तीओ रोद्रीची सायकल. विनीतनं यातलं काहीच मराठीत आणलं नाही. "आज खेळायला जाणार म्हणते," एवढंच.

कारोलिना पाठीमागून गेली. मला ती "दोन महिपती" म्हणते. दोन म्हणजे त्यांच्यात राव किंवा साहेब. लग्नानंतर पहिल्यांदा आली तेव्हा मला वाटलं होतं, हिला मी एकाचे दोन दिसतो. आज मात्र नुसता हात हलवला आणि गेली. विनीत आणि ती एकमेकांशी बोलले नाहीत. संसार जुना झाला की बोलायला लागतंच असं नाही. मी आणि अंजनी दिवसदिवस "ते कुठाय" आणि "इथेच तर होतं" यावर काढतो.

रविवार, २९ जून

आज इंदूशी थेट बोललो. लिहून ठेवण्यासारखा दिवस आहे.

विनीत पाणी प्यायला आत गेला तेवढ्यात मी विचारलं, "किएन एस रोद्री?" म्हणजे रोद्री कोण. तिनं पहिल्यांदा तोंडाचा चंबू केला, आजोबाच्या तोंडून आपली भाषा निघाली म्हणून. मग म्हणाली, "मी तीओ." त्यांच्यात मी म्हणजे माझा. मी पुढचं विचारलं, "एर्मानो दे मामी?" आईचा भाऊ का? तिनं खांदे उडवले. "तीओ नोमास."

तेवढ्यात विनीत आला. "बाबा, तुम्ही स्पॅनिश बोलताय?" मला वाटलं कौतुक करेल. त्याचा चेहरा असा झाला की जणू मी कंपनीच्या पॅनेलला ओल्या हातानं हात लावलाय. "कुठे शिकताय? कशाला पण?"

मी म्हटलं, "ते सोड. हा रोद्री कोण रे?"

हातातला ग्लास त्यानं खाली ठेवला, परत उचलला. "आहे एक. कारोलिनाकडचा."

झालं, कोडं सुटलं. कारोलिनाकडचा म्हणजे तिच्या माहेरचा, आणि एवढं येणं-जाणं म्हणजे भाऊच. नोमास आडनाव दिसतं. कारोलिनाचं आडनाव निराळं आहे, पण त्यांच्यात बापाचं आणि आईचं अशी दोन-दोन असतात, त्यातलं एखादं असेल. लग्न तिकडेच झालं, आम्ही व्हिडिओच पाहिला, कोण कुणाचं ते कुणी सांगितलं नाही. इतकी वर्षं आमच्या नातीला सख्खा मामा आहे हे आम्हाला माहीत नाही, म्हणजे कमाल झाली. विनीतनं सांगायला नको?

बुधवार, २ जुलै

विनीतचा मधल्या वारी फोन आला. तो मधल्या वारी करत नाही. म्हणाला, "बाबा, इंदूशी स्पॅनिशमध्ये नका बोलू. तुमचे उच्चार वेगळे, ती गोंधळते."

मी म्हटलं, "मग तू तिला मराठी शिकवली असतीस."

तो एकदम म्हणाला, "तुमची तब्येत कशी आहे? छातीत वगैरे काही?"

"माझ्या छातीला काय धाड भरलीय?"

"नाही, सहज."

राग आला आणि वाईटही वाटलं. या वयात स्कूटर काढून, खड्डे चुकवत उल्हासनगर गाठतो, ते काय हौस म्हणून? शिकवणी सोडणार नाही. अंजनीला सांगितलं, तर ती पोळपाटावरून मान न उचलता म्हणाली, "पोरगं काहीतरी दडवतंय." मी म्हटलं, बापाची इंग्रजी सुधारायचा तेव्हाही असाच सुधारायचा, स्वभाव आहे.

बुधवार, ९ जुलै

आज एक झकास कल्पना सुचली. पुढच्या महिन्यात राखीपौर्णिमा. कारोलिनाला भाऊ आहे म्हटल्यावर सासरच्यांनी राखी पाठवली तर त्या घरातही मान राहील आणि मामाशी ओळखही होईल. विनीतला कळवायचं नाही, नाहीतर तो राखीचंही भाषांतर गिळेल.

अंजनी म्हणाली, "आधी विनीतला विचारा तरी. मामा हायच कशावरून?"

"तोच म्हणाला, कारोलिनाकडचा."

"कडचा म्हंजे काय भाऊच होतो?"

मी तिला सगळी वंशावळ समजावून सांगितली. तिनं ऐकून घेतली आणि वाटाण्याच्या शेंगा सोलत बसली. पण अंबरनाथच्या बाजारातून राखी तीच घेऊन आली. लाल रेशमी, मोठा गोंडा नको म्हणाली, परदेशी माणूस लाजेल.

सोबतची चिठ्ठी मीच लिहिली, स्पॅनिशमध्ये, माझी पहिली. कारोलिनाच्या भावासाठी, रोद्रिगो नोमास यांना. रोद्री हे रोद्रिगोचं लाडाचं रूप, एवढं मला एव्हाना कळलंय. बहिणीनं भावाच्या उजव्या मनगटाला बांधायची. सोनियाला दाखवली नाही. तिची पाळी बदललीय, शिकवणी आठवडाभर बंद आहे, आणि वाक्यं सोपी होती. टपालात टाकून आलो.

रविवार, २७ जुलै

खरं लिहायचं तर मला थोडी भीती वाटतेय. आज इंदू फार थोडा वेळ थांबली. मी काही विचारणार तोच विनीत म्हणाला, "बाबा, तिला क्लास आहे." रविवारी सकाळी कसला क्लास? ती बाजूला बघून कुणाला तरी हाक मारत होती. विनीत मधे सरकला, पडदा सगळा त्याच्या जाकिटानं भरला. फोन बंद.

माझ्या बोलण्यानं पोर खरंच गोंधळत असेल का? की विनीतलाच आमचा कंटाळा आला? तसं असेल तर नात आपसूकच जाईल, आणि मी इथे क्रियापदं चालवत बसेन.

बुधवार, ६ ऑगस्ट

कारोलिनाचा निरोप आलाय. विनीतच्या नाही, तिच्या नंबरावरून, तिच्या आवाजात. लांबलचक आहे. "दोन महिपती" असं सुरू होतं. हळू बोललीय, माझ्यासाठीच असणार. पण मला एक वाक्य सोडून काही लागत नाही. ते वाक्य मी परत परत लावून पाहिलं. रोद्रिगो नो एस मी एर्मानो. रोद्रिगो माझा भाऊ नाही.

मग राखी कुणाला गेली?

अंजनी देवळात गेली होती. ती आल्यावर मी फोन खिशात ठेवला. उद्या सोनियाकडे जातो.

गुरुवार, ७ ऑगस्ट

सोनिया झोपेतून उठून बाहेर आली. मी म्हटलं, एक निरोप आहे, घरचा आहे, अर्थ सांग. तिनं हसत फोन कानाला लावला. मग हसायची थांबली. पहिल्यांदा संपूर्ण ऐकलं, मग परत सुरुवातीपासून. आईला सिंधीत काहीतरी म्हणाली, आई आत गेली आणि दार ओढून घेतलं.

"अंकल, आंटीला घेऊन यायचं होतं."

"सांग तू."

"ती बोलतेय, राखी मिळाली, थँक यू. पण रोद्रिगो तिचा भाई नाही. पार्टनर आहे."

"कसल्या धंद्यात?"

सोनियानं माझ्याकडे पाहिलं. पापड तसाच पडला होता, त्याच्याकडे पाहिलं. "धंद्यात नाही, अंकल. साथ में रहते हैं."

मी विचारलं, "आणि विनीत?"

मग तिनं थांबत थांबत सगळं सांगितलं. विनीत आणि कारोलिना गेल्या वर्षीच्या मार्चपासून वेगळे झालेत. त्यानं गावातच खोली घेतलीय. कारोलिनाला म्हणाला, वडिलांचं हृदय नाजूक आहे, एकदम कळलं तर झेपणार नाही, मी वेळ बघून सांगतो. तोवर रविवारी मी तुझ्या घरी येऊन फोन लावीन. ती हो म्हणाली, दोन-चार महिन्यांसाठी. त्याला आता वर्ष उलटून गेलं. रोद्रिगो आलाय त्याला आठ महिने झाले, कॉलच्या वेळी तो सायकल घेऊन बाहेर जातो किंवा आत बसतो. इंदू विचारायला लागलीय, पापा फक्त फोनसाठीच का येतो. आणि त्यात ही राखी. कारोलिना आधी हसली म्हणे, मग बसून रडली. ती म्हणते, येता रविवार शेवटचा. यापुढे माझ्या घरात हे नाटक नको. विनीतला मी काही सांगितलेलं नाही, ते तुम्ही सांगा. इसिदोरा तुमची नात आहे, मला कधीही फोन करा, थेट करा.

"पण पोरगी त्याला तीओ म्हणते," मी म्हटलं. एवढंच सुचलं.

"तिकडे मुलं सगळ्या मोठ्या माणसांना तीओ बोलतात. टीचरला, शेजाऱ्याला. निरोपाच्या शेवटी कारोलिनानंच सांगितलंय. मला पण माहीत नव्हतं, अंकल, मेक्सिकोवाले असं नाय बोलत. सॉरी."

म्हणजे आपण रिक्षावाल्याला काका म्हणतो तसं. मी चिठ्ठीवर नाव काय घातलं होतं ते तिला सांगितलं, तर तिनं डोळ्यांना ओढणी लावली. नो मास हे आडनाव नव्हे. नो मास म्हणजे बस, एवढंच. कोण रे बाळा हा? काका. एवढंच.

पोरीनं खरं तेच सांगितलं होतं. दडवलं मोठ्यांनी.

मला लाज वाटली. सुनेच्या, म्हणजे जी होती तिच्या, माणसाला राखी पाठवणारा सासरा माझ्यासारखा मीच. मग राग आला विनीतचा. माझ्या हृदयाचं निमित्त? गेल्या दिवाळीत तपासलंय, ठणठणीत आहे. स्कूटरची किल्ली चुकीची लावत बसलो होतो, सोनियाच्या वडिलांनी येऊन सुरू करून दिली. 

शुक्रवार, ८ ऑगस्ट

काल अंजनीला सांगवलं नाही. आज सांगितलं. ती बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत होती. मी कारोलिना, रोद्रिगो, तीओचा घोळ, सगळं क्रमानं सांगितलं. वाटलं होतं, रडेल किंवा म्हणेल, मी बोललेच होते. तिचा हात थांबला.

"मग वर्षभर विनीत जेवतो कुठं?"

मला हे सुचलंच नव्हतं. काल दुपारपासून मी रागात, त्याच्याआधी दोन महिने रोद्रिगो कोणाचा कोण याच्यात. खोलीत एकटा आहे हे मी ऐकलं होतं, पण त्याच्यापुढे गेलो नव्हतो.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "इंदू राहील ना आपली?"

"कारोलिना म्हणते, राहील."

"बरं." परत वाल सोलायला लागली. सालं भांड्यात आणि वाल कचऱ्यात टाकत होती. मी नंतर वेचून ठेवले.

रविवार, १० ऑगस्ट

दुपारभर मनात भाषण जुळवत होतो. विनीत, तू आम्हाला फसवलंस. विनीत, बापाला इतकं कच्चं समजलास. चांगलं कडक झालं होतं. 

ठरल्या वेळी फोन आला. विनीत उभा, अंगात जाकीट, हसरा चेहरा. त्याला काहीच माहीत नव्हतं. हे बघणं फार कठीण गेलं. नाटकातलं माणूस आपल्याच पोटचं, आणि आपण तिकीट काढून बसलेलो.

अंजनीनं विचारलं, "जेवलास का?"

"आता नाश्ता करू सगळे मिळून. कारोलिनानं केलंय."

अंजनीनं माझ्याकडे पाहिलं. भाषण कुठे गेलं कोण जाणे. मी म्हटलं, "विनीत, फोन इंदूकडे दे आणि तू तुझ्या घरी जा."

"घरीच तर आहे, बाबा."

"तुझ्या घरी. जिथं झोपतोस तिथं. आणि तिथून आम्हाला फोन कर. आम्ही जेवायचे थांबलोय."

त्याच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही, तिथेच अडकून राहिलं. त्यानं मागे वळून कारोलिनाकडे पाहिलं. ती हळू आवाजात काहीतरी म्हणाली. "बाबा, मी सांगणार होतो," तो म्हणाला. "तुमची तब्येत..."

"माझी तब्येत चांगली आहे. तू जा."

फोन इंदूच्या हातात आला. पडद्यावर आधी छत, मग तिचं नाक. दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. तिच्या मनगटावर आमची लाल राखी होती, दोनदा गुंडाळून बांधलेली. मी स्पॅनिशमध्ये म्हटलं, छान आहे. तिनं मला उच्चार दुरुस्त करायला लावला. गोंधळली-बिंधळली नाही, उलट मास्तरणीसारखी बोट नाचवत होती.

मागे स्वयंपाकघराच्या दारात एक माणूस तवा धरून उभा राहिलेला दिसला. दाढी, पोट थोडं सुटलेलं. आम्हाला दिसतोय हे लक्षात आल्यावर त्याला आत जावं की बाहेर यावं ते कळेना. कारोलिनाही बघत राहिली. अंजनी माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, "बोला काहीतरी. बिचारा तवा घेऊन किती वेळ उभा राहील?"

त्याला काय म्हणायचं? मराठीत मुलाच्या सोडलेल्या बायकोच्या माणसाला शब्द नाही. साडूला शब्द असलेल्या स्पॅनिशमध्येही असेल असं वाटत नाही. पण आपल्यात पोराबाळांच्या नात्यानं माणसाला हाक मारायची रीत आहे. मी म्हटलं, "ब्वेनोस दीआस, तीओ."

तो मोठ्यानं हसला आणि तवा वर करून नमस्कारासारखं काहीतरी केलं. कारोलिना पुढे आली. डोळे लाल होते. "दोन महिपती," म्हणाली. मी ग्रासियास म्हटलं, आभारी आहे. मनापासून म्हटलं. मग इंदू म्हणाली, पुढच्या रविवारी ती स्वतः फोन लावणार, तिला आईच्या फोनचं कुलूप उघडता येतं.

फोन ठेवल्यावर आम्ही दोघं ताटं वाढून बसलो. कुणी घास घेतला नाही. रूपेश डोकावून गेला, त्याला खाली पाठवलं. वाटलं, आता विनीत फोन करणार नाही. नात राखली आणि पोरगा हातचा घालवला, असं झालं तर काय करायचं? आपण जा म्हणालो, ते त्याला कसं ऐकू गेलं असेल?

मग फोन वाजला.

विनीतच होता. अंजनी म्हणाली, "फोन फिरव. घर बघू दे."

त्यानं फिरवला. एक खोली. पलंग, खुर्चीवर कपड्यांचा ढीग, खाणीचं हेल्मेट, भिंतीवर इंदूनं काढलेलं चित्र आणि ते बापाच्या दिवसाचं कार्ड. खिडकीतून पिवळा डोंगर दिसत होता, त्यावर एक झाड नाही. ओट्यावर नूडल्सच्या रिकाम्या पुड्या.

"मी दिलेला कुकर कुठाय?" अंजनीनं विचारलं.

"आहे. कपाटात."

"काढ. तांदूळ हायत का?"

"आहेत."

"मग भात लाव."

"आई, मी बाहेर खाईन काहीतरी."

"लाव म्हणते ना."

त्यानं फोन भिंतीला टेकवला आणि तांदूळ धुतले. पाणी किती घालू विचारलं. इंजिनियर माणूस, एवढं त्याला येत नसेल असं नाही. अंजनीनं बोटाच्या पेरावर दाखवलं. त्यानं झाकण लावलं, गॅस पेटवला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मला विचारायचं होतं, एकट्यानं वर्ष कसं काढलंस? विचारलं नाही. 

कुकरची शिटी झाली आणि त्याचे खांदे हलायला लागले. लहान होता तेव्हा रडताना असाच भिंतीकडे तोंड करायचा.

"रड बाबा," अंजनी म्हणाली. "पण गॅसकडं लक्ष ठेव. अजून दोन व्हायच्यात."